आगाऊ भरलेले पैसे : अमेरिकेतील प्रीपेड कार्डांचा इतिहास

अमेरिकेत प्रीपेड कार्ड आधी रुळले ते प्रवासाच्या आणि टेलिफोनच्या निमित्ताने. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट ही रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची तिकिटे चुंबकीय पट्टीची होती. प्रवासी आधी पैसे भरत आणि दर फेरीचे भाडे त्यातून वजा होई. रक्कम लहान, विकणारा एकच आणि सेवाही ठरलेली, त्यामुळे ग्राहकाच्या हक्कांचा प्रश्न फारसा कोणी काढला नाही. तो निघाला १९९०च्या दशकात, टेलिफोन कार्डांमुळे. मायदेशी फोन करणाऱ्या स्थलांतरितांना ही कार्डे नाक्यावरच्या दुकानात मिळत. मिनिटांचा आकडा ठळक छापलेला असे. फोन जोडण्याचा आकार, आठवड्याची देखभाल आणि अर्धवट मिनिट पूर्ण धरण्याची रीत मात्र बारीक अक्षरांत. त्या काळी शिकायला किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मंडळींनाही ही कार्डे चांगलीच ठाऊक होती. फेडरल ट्रेड कमिशनने २००८ च्या सुमारास अशा काही विक्रेत्यांना न्यायालयात खेचले, पण तोवर स्वस्त इंटरनेट कॉलमुळे तो धंदाच ओसरू लागला होता.

दुकानांची गिफ्ट कार्डे १९९०च्या दशकाच्या मध्यावर आली. नीमन मार्कस आणि ब्लॉकबस्टर यांची नावे त्यात पहिली घेतली जातात. कागदी भेटपत्रे दुकानांकडे आधीही होती, परंतु प्लास्टिक कार्डावरची शिल्लक संगणकात राहत असल्याने तिच्यातून दरमहा थोडीथोडी रक्कम कापणे अगदी सोपे झाले. भेट मिळालेले कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राही, मुदत संपे आणि उरलेले पैसे दुकानाच्या खिशात जात. कॅलिफोर्नियाने १९९७ पासून बहुतेक भेटपत्रांवर मुदत घालण्यास मनाई केली. इतर राज्यांनीही कमीअधिक कडक कायदे केले. मात्र मॉलमध्ये विकली जाणारी कार्डे राष्ट्रीय बँकांनी काढलेली असत. राज्यांचे कायदे आपल्याला लागू नाहीत, असा पवित्रा त्यांच्या विक्रेत्यांनी घेतला आणि कनेक्टिकट व न्यू हॅम्पशायर या राज्यांशी त्यांचे खटले वरिष्ठ न्यायालयांपर्यंत लढले गेले. अखेर २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्यात काँग्रेसने गिफ्ट कार्डांचे कलम घातले. ते २२ ऑगस्ट २०१० पासून लागू झाले. त्यानुसार शिल्लक निदान पाच वर्षे टिकली पाहिजे, वर्षभर कार्ड वापरले गेले नाही तरच शुल्क घेता येईल आणि तेही महिन्यातून एकदाच.

या कलमातून पुन्हा पैसे भरता येणारी सर्वसाधारण कार्डे वगळली गेली. ज्यांचा सारा संसार अशा कार्डावर चालत होता त्यांना काहीच मिळाले नाही, आणि वाढदिवसाच्या भेटीला मात्र संरक्षण मिळाले. हा उलटा क्रम का पडला, याचे उत्तर तीस वर्षे मागे सापडते.

१९७८ च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर अ‍ॅक्टने यांत्रिक व्यवहारांना संरक्षण दिले. कार्ड हरवल्याचे दोन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान ५० डॉलरवर थांबते. उशीर झाला तर ते ५०० डॉलरपर्यंत किंवा त्याहून पुढे जाऊ शकते. चुकीच्या नोंदीची चौकशी बँकेला ठरलेल्या मुदतीत करावी लागते. पण हे सारे ग्राहकाच्या ‘खात्या’साठी होते. प्रीपेड कार्डामागे त्याच्या नावाचे खाते नसे. हजारो कार्डधारकांचे पैसे एखाद्या बँकेतील एकाच सामाईक खात्यात पडत आणि कोणाचे किती, याचा हिशोब वेगळीच कंपनी ठेवी. बँक, कार्ड चालवणारी कंपनी, हिशोब ठेवणारी कंपनी, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे जाळे आणि कार्ड विकणारे दुकान, एवढ्या हातांतून पैसा फिरे. तक्रार कोणाकडे न्यायची, हे ग्राहकाला कळत नसे.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये व्हिसाने चिपमध्ये रक्कम साठवणारे कार्ड मोठ्या थाटात आणले. कायदा या नव्या प्रकाराला लागू करावा काय, याचा विचार फेडरल रिझर्व्हने त्याच सुमारास सुरू केला होता. परंतु काँग्रेसला मार्च १९९७ मध्ये दिलेल्या अहवालात त्याने सबुरीचा सूर लावला: नियम आताच कडक केले तर बाळसे धरू पाहणारा धंदा खुरटेल. ऑलिंपिकचे ते कार्ड पुढे टिकले नाही. सबुरी मात्र वीस वर्षे टिकली.

त्या वीस वर्षांत वेगळीच बाजारपेठ उभी राहिली. टेक्सासमधील नेटस्पेंड आणि कॅलिफोर्नियातील ग्रीन डॉट या दोन्ही कंपन्या १९९९ च्या आहेत. ग्रीन डॉटला इंटरनेटवर खरेदी करणारी किशोरवयीन मुले गिऱ्हाईक म्हणून हवी होती. प्रत्यक्षात कार्डे घेतली ती बँकेत खाते नसलेल्या प्रौढांनी. बँकांतील ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी ठेव विमा महामंडळाच्या २००९ च्या पाहणीत सुमारे ९० लाख कुटुंबांकडे, म्हणजे ७.७ टक्के घरांत, बँक खातेच नव्हते. शिल्लक शून्याखाली गेल्यावर बसणाऱ्या दंडामुळे खाते बंद झालेले लोकही या कार्डांकडे वळले. रॅप संगीताच्या व्यवसायातील रसेल सिमन्स यांनी २००३ मध्ये रशकार्ड काढले ते याच वर्गासाठी.

शुल्कांची यादी लांब होती: कार्ड घेण्याचे, दरमहाचे, रोख भरण्याचे, एटीएममधून काढण्याचे, शिल्लक विचारण्याचे, कार्ड न वापरल्याचेही. याचा कळस २०१० च्या नोव्हेंबरात झाला. दूरचित्रवाणीवरच्या कार्दाशियन भगिनींच्या नावाने निघालेल्या कार्डासाठी सहा महिन्यांचे ५९.९५ किंवा वर्षाचे ९९.९५ डॉलर सुरुवातीलाच भरायचे होते, आणि ग्राहकसेवेतील माणसाशी बोलण्याचे १.५० डॉलर वेगळे. कनेक्टिकटचे अ‍ॅटर्नी जनरल रिचर्ड ब्लुमेंथल यांचे पत्र गेले आणि त्याच महिन्यात बहिणींनी अंग काढून घेतले. दर उतरण्याचे खरे उदाहरण दुसरीकडे होते. वॉलमार्टने आपल्या कार्डाची किंमत जवळपास नऊ डॉलरवरून २००९ मध्ये तीन डॉलरवर आणली. त्यामागे कोणताही कायदा नव्हता, गिऱ्हाईक दुकानात खेचण्याचा हिशोब होता.

पगाराच्या कार्डांचा प्रश्न आणखी नाजूक, कारण ते कार्ड कामगाराने निवडलेले नसते. फेडरल रिझर्व्हने २००६ मध्ये या कार्डांना १९७८ च्या कायद्याखाली आणले. प्रीपेडच्या भिंतीत पडलेले हे पहिले खिंडार. तरीही २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मॅकडोनाल्ड्सच्या एका फ्रँचायझीवर कामगारांनी दावा लावला: पगार फक्त कार्डावरच मिळे आणि एटीएममधून काढताना १.५० डॉलर कापले जात. ही कपात किमान वेतनावर राबणाऱ्याच्या पगारातूनच होत होती. राज्यातील न्यायालयांनी सक्तीच्या कार्डाविरुद्ध निकाल दिला.

ठेव विम्याबाबत महामंडळाने १९९६ मध्ये साठवलेल्या रकमेच्या काही प्रकारांना ठेव मानायचे नाकारले होते. २००८ मध्ये त्याने भूमिका बदलली. सामाईक खाते ग्राहकांच्या वतीने ठेवलेले आहे आणि कोणाचे किती याची नोंद आहे, एवढे दिसले की प्रत्येक कार्डधारकाला विमा मिळू लागला. अर्थात विमा बँक बुडाली तरच कामाचा. हिशोब ठेवणारी यंत्रणा कोलमडली तर त्याचा उपयोग नाही.

नेमके तेच ऑक्टोबर २०१५ मध्ये घडले. रशकार्डने हिशोबाची यंत्रणा एका कंपनीकडून दुसरीकडे हलवली आणि हजारो लोकांना स्वतःच्या पैशांना हात लावता येईना. काहींचे दिवस गेले, काहींचे आठवडे. घरभाडे, औषधे, किराणा सगळेच अडले. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातून जन्मलेल्या ग्राहक वित्तीय संरक्षण संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये रशकार्डची कंपनी आणि मास्टरकार्ड यांना एक कोटी डॉलर भरपाई आणि तीस लाख डॉलर दंड भरायला लावले.

याच संस्थेचा प्रीपेड नियम ५ ऑक्टोबर २०१६ रोजी जाहीर झाला. मसुदा दोन वर्षे आधीचा होता आणि अंतिम दस्तऐवज १,६८९ पानांचा. हरवलेल्या कार्डाची मर्यादित जबाबदारी, चुकांची चौकशी आणि ती लांबल्यास तात्पुरती जमा ही संरक्षणे कार्डांना मिळाली. वेष्टनावर ठरावीक नमुन्याचा छोटा तक्ता सक्तीचा झाला: मासिक शुल्क, खरेदीमागचे शुल्क, एटीएम, रोख भरणा, शिल्लक विचारणा, ग्राहकसेवा आणि वापर नसल्याचे शुल्क. काही शुल्क नसेल तिथे शून्य लिहायचे. शुल्कावर कमाल मर्यादा मात्र घातली नाही. दर ठरवण्याऐवजी ते दाखवायला लावायचे, असा हा मार्ग होता. दोन कार्डे शेजारी धरून तुलना करायला वेळ आणि पर्याय असणाऱ्याला तो जास्त उपयोगी पडतो.

उद्योगाचा खरा विरोध तक्त्याला नव्हता, उसनवारीवरच्या बंधनांना होता. शिल्लक संपल्यावर पैसे देऊन दंड लावण्याची सोय नेटस्पेंड देत असे. नव्या नियमाने अशा बहुतेक सोयी कर्ज ठरल्या आणि कार्ड घेतल्यावर ३० दिवस त्या देऊ करता येईनात. नेटस्पेंडची तेव्हाची मालक कंपनी जॉर्जिया राज्यातली. तिथलेच सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांनी २०१७ मध्ये नियम रद्द करण्याचा ठराव आणला. तो मंजूर झाला नाही, पण नियमाची तारीख दोनदा पुढे गेली. २०१८ च्या जानेवारीत दुरुस्ती झाली: ज्याची ओळख पडताळलेली नाही अशा कार्डधारकाला चुकांच्या चौकशीचा हक्क देणे कंपनीवर बंधनकारक राहिले नाही. नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाला.

मोबाइल पाकिटेही त्याच्या कक्षेत आल्याने पेपॅलने २०१९ च्या डिसेंबरात दावा लावला. पाकिटात पैसे साठवणे हा दुय्यम उपयोग आहे आणि कार्डासाठी आखलेला तक्ता तिथे दिशाभूल करतो, हा त्याचा मुद्दा. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने वर्षभराने पेपॅलच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने २०२३ मध्ये तो निकाल फिरवून खटला परत पाठवला आणि पुढच्या वर्षी जिल्हा न्यायालयाने पुन्हा पेपॅलचीच बाजू घेतली. दुकानातल्या खिळ्यावर टांगलेल्या प्लास्टिक प्रीपेड कार्डांच्या वेष्टनावर मात्र तो तक्ता छापावाच लागतो.