कातडीचा उलटा इतिहास

लोंबती कातडी कापण्याची शस्त्रक्रिया वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेहून जुनी आहे. १८९९ साली बाल्टिमोरमध्ये हॉवर्ड केली यांनी एका स्त्रीच्या पोटावरचा मेदाचा पदर त्वचेसह छाटला. आतड्याला वळसा देऊन वजन उतरवण्याचा प्रयोग मिनेसोटातून नोंदवला गेला तो १९५४ साली.

मेद ओसरतो, ताणून तुटलेले इलॅस्टिनचे तंतू मात्र पुन्हा पूर्ववत होत नाहीत. घड्यांत घाम साचतो, त्वचा सोलवटते. चेंबूरच्या दमट हवेत याला नटवेपणा कोण म्हणेल?

विम्याचे नियम म्हणतात. २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला अटींसह संरक्षण मिळू शकत होते; कातडीची शस्त्रक्रिया ‘सौंदर्योपचारा’त ढकलली गेली, तर आरोग्याला तातडीचा धोका असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागत होते.