घोड्याच्या चालीपासून पैलवानाच्या गुडघ्यापर्यंत

१/ नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. एकीकडे घोड्यांचा बाजार, दुसरीकडे कुस्त्यांचा फड. गिऱ्हाईक घोड्याची चाल पाहते, वस्ताद पैलवानाचे पाय. दोघांचे मोजमाप एकच, सरावलेली नजर. ही नजर आकड्यांत कशी उतरली, त्याचा हा इतिहास. 🧵

२/ आरंभ घोड्यापासूनच झाला. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे, लेलँड स्टॅनफर्ड या धनिकाच्या अश्वशाळेत एडवर्ड मायब्रिज याने १२ कॅमेरे ओळीने मांडले. दौडत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात, हे त्या छायाचित्रांत प्रथमच स्पष्ट दिसले.

३/ मग माणसाची पाळी आली. १८९१ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणिती ओटो फिशर यांनी एका माणसाच्या अंगावर प्रकाशनळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालवले आणि ४ कॅमेऱ्यांनी टिपले. तयारीला कित्येक तास लागले. चालणे मात्र मोजक्या पावलांचे.

४/ खरे कष्ट पुढेच होते. प्रत्येक छायाचित्रातील प्रत्येक बिंदू हाताने मोजून सांध्यांची हालचाल आणि त्यांवरील बल काढायचे होते. १८९२ मध्ये ब्राउने वारले. फिशर यांनी काम चालू ठेवले. ग्रंथमालेचा अखेरचा भाग १९०४ मध्ये निघाला.

५/ दरम्यान १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. भारतीयाने केलेल्या अगदी आरंभीच्या चित्रीकरणांपैकी हे एक. तोल घालवण्या-सावरण्याचा खेळ फिल्मवर आला. त्याचे मोजमाप व्हायचे होते.

६/ कारण कुस्ती हे तोलाचेच शास्त्र. स्थिर उभ्या शरीराचा गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या जागेबाहेर गेला की माणूस पडतो. पट काढणारा पैलवान प्रतिस्पर्ध्याची ती जागाच हिरावून घेतो. १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार हे गणित लाल मातीत शिकले.

७/ विसाव्या शतकात अंगावर खुणा चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी टिपणे आणि पायाखाली बलमापक पाट ठेवणे ही पद्धत रूढ झाली. ती अचूक, पण लाखो रुपयांची. गावच्या तालमीतील दुखावलेल्या गुडघ्याला वस्तादाची नजर आणि डॉक्टरांचा हात, एवढाच आधार राहिला.

८/ २०१० मध्ये खेळांसाठी आलेल्या ‘किनेक्ट’ या स्वस्त कॅमेऱ्याने खुणांविना सांधे ओळखले. २०१७ मध्ये ‘ओपनपोज’ या संगणक-प्रणालीने साध्या चित्रफितीतून तेच साधले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ओपनकॅप’ प्रणाली दोन मोबाईलवरून सांध्यांचे कोन आणि बल यांचा अंदाज देते.

९/ ‘ओपनकॅप’ स्टॅनफर्ड विद्यापीठात घडली. मायब्रिजचे घोडे जिथे दौडले, त्याच अश्वशाळेच्या जमिनीवर हे विद्यापीठ उभे आहे!

१०/ मर्यादाही आहेत. एकच कॅमेरा असेल तर आत वळणारा गुडघा नीट कळत नाही. सैल कपडे सांधे झाकतात. स्थिर उभ्या माणसाचे सूक्ष्म डोलणे कधी कॅमेऱ्याच्या चुकीहूनही लहान असते. दोन पैलवान भिडले की कोणाचा पाय कोणाचा, यातच यंत्र गोंधळते.

११/ म्हणून एकट्याचीच बैठक टिपावी. जागा, अंतर आणि उंची तीच ठेवून आठवड्यांमागून आठवडे दुखरा पाय धडधाकट पायाशी ताडून पाहावा. पोराने हौद्यात पुन्हा कधी उतरायचे, हे वस्ताद आणि डॉक्टरच ठरवतील. पण फिशर यांना ज्या आकड्यांसाठी वर्षे घालवावी लागली, तसे आकडे आता त्यांच्या हाताशी असतील.