दहावीचे मार्क कॉलेजपर्यंत पोचतात कसे? अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरण्याआधी वाचा

जळकोट : दहावीचा निकाल मोबाईलवर दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, आता गुणपत्रिका घेऊन कोणत्या कॉलेजला जायचं? काही वर्षांपूर्वीपर्यंत हे बरोबर होतं. जळकोट, उदगीर, अहमदपूर किंवा लातूरच्या कॉलेजात जाऊन छापील अर्ज घ्यायचा, गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडायची आणि कॉलेजच्या फळ्यावर यादी लागायची वाट पाहायची. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांच्या भागातच होती.

मार्क तयार कुठे होतात, ते आधी पाहू. दहावीच्या बहुतेक विषयांत 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे 20 गुण शाळा देते आणि मंडळाकडे पाठवते. ‘ते तर सर देतातच’ म्हणून पालक याकडे बघत नाहीत, पण त्यांचं वजन मोठं आहे. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून थेट 77.10 वर आला. पुढच्या वर्षी हे गुण परत आले अन्‌ निकाल 95.30 टक्के लागला. 2021 ला कोरोनामुळं परीक्षाच रद्द झाली. तेव्हा नववीचे 50, दहावीच्या शाळेतल्या लेखी कामाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असे मिळून गुण धरले गेले, म्हणजे सगळा निकाल शाळेच्या नोंदींवर उभा होता.

लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे लातूर विभागीय मंडळाकडं येतात. सहा विषयांपैकी ज्या पाचांत जास्त गुण, ते धरून 500 पैकी टक्केवारी काढतात. त्यालाच ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. खेळ, चित्रकला, लोककला यांचे सवलतीचे गुणही यात मिळतात, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत निकालाआधीच मंडळाकडे जावा लागतो. निकालानंतर प्रमाणपत्र घेऊन कॉलेजात गेलं तर तिथं कोणी मार्क वाढवून देत नाही.

आता पुढचा टप्पा. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यानं अकरावीच्या संकेतस्थळावर बैठक क्रमांक टाकला की नाव आणि गुण मंडळाच्या नोंदीतून आपोआप येतात, हातानं भरावे लागत नाहीत. सीबीएसईच्या मुलांना (नवोदयची लेकरंही यातच आली) गुण स्वतः भरून गुणपत्रिका अपलोड करावी लागते, मग ती तपासली जाते. गुणवत्ता यादी संगणक लावतो, कॉलेज नाही. त्यामुळं ‘आमची तिथं ओळख आहे’ हे वाक्य कॅप फेरीत चालत नाही. इनहाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्याच्या जागा मात्र वेगळ्या असतात.

घोळ होतो तो बहुतेक गुणांत नाही, बाकीच्या माहितीत. फॉर्म नेटकॅफेत भरला जातो, मोबाईल नंबर तिथल्याच माणसाचा टाकला जातो आणि पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाही. यादीत नाव लागल्याचा मेसेज मग भलत्याच फोनवर जातो आणि इकडं प्रवेशाची मुदत निघून जाते. नंबर आपलाच द्यावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि भरलेल्या अर्जाची प्रिंट घरी आणावी. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअरसाठी निकालाची वाट पाहू नये. निकालानंतर तहसीलला गर्दी होते.

2025 च्या नियमात कॉलेजची पसंती 1 ते 10 पर्यंत देता येत होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागत होता. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या नंबरला नुसतं नावाजलेलं कॉलेज टाकू नये. लातूरला खोली, मेस, एसटीचा पास हे जमणार आहे का, ते घरी बसून ठरवूनच टाकावं. उदगीरहून ये-जा करता येत असेल तर तेही धरावं. त्या वर्षी 21 मेला नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ ठप्प झालं, पुढं 26 मेपासून ते चाललं. त्यामुळं पहिल्या दिवशी साइट उघडली नाही तर घाबरायचं कारण नाही, मात्र शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

मार्क कमी वाटत असतील तर गुणपडताळणी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी मुदतीत ऑनलाइन अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. गुण बदलले तर ते प्रवेशाच्या अर्जात आले का, हे स्वतः लॉगिन करून बघावं आणि दिसत नसतील तर लगेच मार्गदर्शन केंद्रात सांगावं. गुणपत्रिकेवर नाव, आईचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर ती कॉलेजात दुरुस्त होत नाही. त्याचा अर्ज शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत लातूरच्या विभागीय मंडळाकडं जातो. एक-दोन विषयांत राहिलेल्यांना एटीकेटीनं अकरावीला बसता येतं, अशा मुलांनी शाळेतून ती गुणपत्रिका घेऊन ठेवावी.