रोल-प्लेइंग गेममध्ये चार घास खाल्ले की जखमा कशा भरतात?

ड्रॅगनने आग ओकली आहे. पडद्यावरची हेल्थची लाल पट्टी संपत आली आहे. आता एक फटका बसला की खेळ खल्लास. अशा वेळी 'स्कायरिम' खेळणारा माणूस काय करतो? बॅग उघडतो आणि एकामागून एक चीजचे गोळे खात सुटतो! बॅग बंद केली की गडी पुन्हा ठणठणीत.

या प्रसंगावर आजवर असंख्य मीम्स झाली आहेत. पण जेवणाने जखम भरण्याचा हा नियम गेममध्ये आला कुठून आणि तो अजून का टिकून आहे?

हेल्थ म्हणजे नेमकं काय?

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. ते पात्र किती मार सोसू शकतं, हे सांगणारा आकडा म्हणजे हेल्थ किंवा हिट पॉइंट्स. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळामुळे ही कल्पना लोकप्रिय झाली आणि पुढे ती व्हिडिओ गेममध्ये उतरली.

आकडा कमी होणार म्हटल्यावर तो भरून काढायची सोयही हवी. त्यासाठी जादूचे मंत्र आले, औषधी काढे आले, विश्रांती आली आणि जेवणही आलं. यातलं जेवण समजावून सांगावं लागत नाही. भाकरी दिसली की ती खायची, हे कुणालाही कळतं.

सुरुवात भुकेपासून

१९८० च्या 'रोग' या गेममध्ये अन्न थेट जखमा भरत नसे. हेल्थ हळूहळू आपोआप वाढायची, पण तोवर भूक लागायची. खायला काही उरलं नाही, तर जखम भरेपर्यंत थांबणंही परवडत नसे.

१९८५ मध्ये 'अटारी'चा 'गाँटलेट' आर्केडमध्ये आला आणि अन्नाचा हेल्थशी थेट संबंध जुळला. चार जण एकाच मशीनवर खेळायचे. प्रत्येकाची हेल्थ दर क्षणी आपोआप घटत राहायची. वाटेत सापडलेलं अन्न खाल्लं की ती वाढायची, नाहीतर मशीनमध्ये आणखी नाणं टाकायचं. चुकून बाण लागला तर काही अन्न नष्टही व्हायचं. त्यामुळे ताटातला घास कुणी घ्यायचा, यावरून मित्रांमध्येच जुंपायची.

'स्कायरिम': लढाई थांबवून जेवण

२०११ च्या 'स्कायरिम'मध्ये बॅग उघडली की सगळं जग जागच्या जागी थांबतं. म्हणूनच ड्रॅगनसमोर उभं राहून निवांत जेवता येतं. मात्र बहुतेक कच्च्या पदार्थांनी हेल्थ जेमतेम एक-दोन अंकांनी वाढते.

इथला खरा हिरा आहे व्हेजिटेबल सूप. कोबी, बटाटा, टोमॅटो आणि लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी शिजवून ते बनतं. ते प्यायल्यावर ७२० सेकंद, म्हणजे १२ मिनिटं, दर सेकंदाला हेल्थ आणि स्टॅमिना एकेक अंकाने वाढत राहतात. जोरदार वार करायला थोडासा स्टॅमिनाही पुरतो. त्यामुळे जाणकार खेळाडू हे सूप लढाईत नव्हे, तर लढाईच्या आधीच पितात.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड': हाती पळी, मग तलवार

'झेल्डा' मालिकेतल्या जुन्या गेममध्ये गवत कापलं तरी हेल्थ वाढवणारी लाल बदामं मिळायची. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने ती सोय काढून टाकली. नायक लिंककडे सुरुवातीला फक्त तीन बदामं असतात आणि ती भरायची तर मुख्य आधार स्वयंपाकाचा.

कच्च्या सफरचंदाने अर्धं बदाम भरतं. तेच भांड्यात शिजवलं की एक पूर्ण. एका वेळी पाच जिन्नस टाकता येतात. हार्टी ड्युरियन हे फणसासारखं काटेरी फळ एकटं शिजवलं, तरी सगळी बदामं भरून वर चार जादा मिळतात. थंडीपासून वाचवणारी मिरची आणि उन्हापासून वाचवणारा जिन्नस एकत्र शिजवला, तर दोन्हींचा खास गुण नाहीसा होतो. दगड टाकला तर पाव बदामावर समाधान मानावं लागतं.

इथेही बॅग उघडली की खेळ थांबतो. पण बॅगेत पदार्थ असण्यासाठी आधी रानात हिंडावं लागतं, मासे धरावे लागतात, चूल गाठावी लागते. म्हणजे फुकट काहीच नाही. किंमत फक्त आधी मोजलेली असते.

मग अडचण कुठे येते?

बॅग गच्च भरली की हरण्याची भीती उरत नाही आणि भीती गेली की लढाईतली मजाही जाते. त्यावर गेम बनवणाऱ्यांनी वेगवेगळे तोडगे काढले.

२०१५ च्या 'द विचर ३'मध्ये खाल्ल्यावर हेल्थ हळूहळू भरते. तोवर शत्रूचे वार चुकवत राहावं लागतं. सोप्या पातळ्यांवर ध्यान केल्यानेही हेल्थ परत मिळते, पण सर्वांत अवघड दोन पातळ्यांवर ती सोय नाही. तिथे पाव आणि मांसाचा तुकडाही मोलाचा ठरतो.

२०११ च्या 'डार्क सोल्स'ने तर खेळ थांबवायची मुभाच ठेवली नाही. तिथे जेवण नाही, एस्टस नावाचं पेय आहे. त्याचे घोट मोजके आणि पिताना शत्रू थांबत नाही. शेकोटीपाशी घोट पुन्हा भरून मिळतात, पण मारलेले बहुतेक शत्रूही परत येतात.

थोडक्यात काय?

गेममधलं जेवण पोषणाचा हिशेब सांगत नाही. चुकीला माफी किती आणि तिची किंमत कधी मोजायची, हे ते ठरवतं: 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये लढाईआधी, 'विचर'मध्ये लढता लढता. त्यामुळे नवा गेम सुरू केल्यावर एक गोष्ट आधी तपासावी. बॅग उघडल्यावर खेळ थांबतो का? थांबत असेल तर शिदोरी भरून निघावं. थांबत नसेल, तर आधी वार चुकवायला शिकावं.