गळा कुणाचा, तबकडी कुणाची?

गेल्या वर्षी भगवतीमातेच्या यात्रेनंतर चारआठ दिवसांनी आमच्या कोल्हारातील एक तरुण संध्याकाळच्या वेळी आमच्या दारी आला. दिवसा तो मोटारदुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि रात्री भजनी मंडळात गातो. अलीकडे स्वतः पदे रचून, त्यांना चाली लावून म्हणू लागला आहे. त्याने पिशवीतून कागद काढले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका कंपनीचा तो अकरा पानी करारनामा होता. "अण्णा, पाच गाण्यांचे पंचवीस हजार देतो म्हणतात. सही करू का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

आम्हांस सुरांतले काही कळत नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु तीस वर्षे कामगार संघटनेत घालविल्यामुळे करारनामे मात्र पुष्कळ वाचले आहेत. ज्या करारात पैसा पहिल्या पानावर ठळक असतो, त्याचे शेवटचे पान आधी वाचावे, एवढे आम्ही शिकलो. म्हणून आम्ही त्याला म्हटले, "बाळ, आठ दिवस थांब." त्या आठ दिवसांत हाच प्रश्न पूर्वी कोणाकोणापुढे उभा राहिला आणि त्यांनी काय केले, हे आम्ही धुंडाळले. त्या शोधाचा वृत्तांत म्हणजेच आजचे व्याख्यान.

प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा एक गृहस्थ ग्रामोफोन कंपनीसाठी गळे शोधीत जगभर हिंडत होता. त्या वर्षीच्या एप्रिलात इटलीतील मिलान शहरी त्याला एन्रिको कारुसो हा तरुण गवई भेटला. दहा गाण्यांचे शंभर पौंड त्याने मागितले. लंडनच्या कचेरीला ही रक्कम भलतीच वाटली आणि तिने तारेने मनाई कळविली; तथापि गैसबर्गने ती मनाई मानली नाही, असे त्याने स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. दोन वर्षांनी हाच कारुसो अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीशी करार करता झाला, तेव्हा विक्रीतील हिस्सा त्याने आपल्याकडे ठेवला. पहिल्या खेपेस गळा विकला, दुसऱ्या खेपेस तो जणू खंडाने दिला. त्याच्या श्रीमंतीचे मूळ या फरकात आहे.

तोच गैसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्यास उतरला. तेथे गौहरजान कर्ण्यासमोर गाऊ लागली आणि गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव उच्चारून मोकळी झाली. या उच्चाराची गंमत पुष्कळांनी सांगितली आहे. त्यामागचे कारण मात्र व्यवहाराचे होते. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत, आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून नाव बोलावे लागे. गायिकेची ओळख मालाच्या पेटीवरील चिठ्ठीसारखी होती. तिला मिळे ती बिदागी. पुढे तबकड्या किती खपल्या, याचा हिशेब बिदागीत बसत नव्हता.

आता नाही म्हणणाऱ्यांकडे वळू. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारी राहिले, मुंबईत राहिले, १९४६ पर्यंत हयात होते. परंतु त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज उरला नाही. त्या काळच्या अनेक गवयांना वाटे की साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग मावत नाही, आणि जे मावते ते पानाच्या दुकानावर वाजून चोरीस जाते. ही भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. विद्या हीच ज्याची पुंजी, त्याने ती जपावी हे स्वाभाविकच आहे. परंतु परिणाम काय झाला? शिष्यांच्या तबकड्या राहिल्या आणि गुरूचे गाणे ऐकीव आख्यायिकांत उरले. तेव्हा नकारालाही किंमत पडते, हे आम्ही त्या तरुणासाठी टिपून ठेवले.

खाँसाहेबांच्याच शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, यांनी मधला मार्ग धरला. त्यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या, पण मोजक्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. यान सुटले त्याच वर्षी बाई निवर्तल्या. मोजके दिले म्हणून काही कमी पडले नाही.

मराठी भावगीताची वाटही तबकडीनेच रुळविली. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी या विदर्भातील तरुणाने मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर गायिली आणि ती घरोघर पोचली. जोशी वकिलीचे शिक्षण घेतलेले. पुढे त्याच कंपनीच्या ध्वनिमुद्रण खात्यात त्यांनी अनेक वर्षे काम केले. कंपनी म्हणजे केवळ शोषण, असे म्हणणाऱ्या आमच्यासारख्या माणसास हे उदाहरण पचविणे भाग आहे. कंपनी नसती तर खेड्यातल्या कवीची ओळ मुंबईच्या चाळीत कशी पोचली असती? पोचविण्याचे काम खरे आहे आणि त्याला मोलही आहे. वाद असतो तो त्या मोलाच्या वाटणीबद्दल.

वाटणीची गोष्ट आम्हां प्रवरेकाठच्या लोकांस निराळी समजावून सांगावयास नको. येथून जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. तो का उभा राहिला? ऊस शेतकऱ्याचा, पण घेणारा एकच असला की भाव त्याचा, काटा त्याचा आणि पावतीही त्याचीच. तबकडीच्या धंद्यात दीर्घकाळ अशीच स्थिती होती. एक बलाढ्य कंपनी आणि भोवती चार लहान. गायकाने भाव वाढवून मागितला तरी काटा दुसऱ्याच्याच हाती. म्हणून भावापेक्षा काट्याची चौकशी आधी करावी.

ही चौकशी आपल्या देशात मोठ्या आवाजात प्रथम झाली ती १९६० नंतरच्या दशकात. लता मंगेशकरांनी मागणी केली की चित्रपटगीताच्या तबकडीच्या विक्रीतून गायकालाही रॉयल्टी मिळावी. महंमद रफी यांचे मत उलट होते. गाणे गायिले, ठरलेली बिदागी मिळाली, आता हक्क संपला, असे ते म्हणत. रफीसाहेब लोभी नव्हते. उलट त्यांच्या उदारपणामुळेच त्यांना तसे वाटले असावे. या मतभेदामुळे दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले. आम्ही कामगार चळवळीतले असल्यामुळे आमचा कौल बाईंच्या बाजूने पडतो. कारण प्रश्न त्या दोघांच्या पोटाचा नव्हता. ज्याचे नाव पडद्यावर येत नाही अशा गायकाचा तो होता, आणि त्याच्यासाठी मोठ्यांनीच आधी अडून बसावे लागते.

अमेरिकेत तर वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ रोजी ध्वनिमुद्रणावर बहिष्कारच पुकारला. मोठ्या कंपन्यांपैकी एक वर्षभराने नमली, उरलेल्या दोन १९४४ च्या नोव्हेंबरात. तबकडीमागे काही रक्कम संघटनेच्या निधीत जमा होऊ लागली आणि तिच्यातून बेकार वादकांना काम मिळाले. एकट्या वादकाला हे जन्मात साधले नसते.

आमच्याकडे कायद्याने फार वेळ घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाचा स्वतंत्र हक्क नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मोबदला देऊन चित्रपटासाठी रचून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, निर्माताच. त्याच निकालास जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थान नसल्याची खंत नमूद केली. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हिस्सा असा बांधला की तो कंपनीला लिहून देताच येत नाही. दिला तरी ते कलम व्यर्थ. त्याच कायद्यात आणखी एक शहाणपण आहे. हक्क किती काळासाठी दिला हे करारात लिहिले नसेल, तर तो पाच वर्षांपुरता समजावा. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता. कंपन्यांचे वकील हे जाणतात. म्हणूनच त्यांच्या कागदावर "अनंत काळ" आणि "संपूर्ण विश्व" हे शब्द न चुकता असतात.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आमची चळवळ शाहिरांच्या डफावर वाढली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या कलापथकाने सभा भरविल्या, म्हणून आमच्या पुढाऱ्यांची भाषणे लोकांनी ऐकली. गिरणी कामगाराच्या महागाईभत्त्याचा हिशेब आम्ही पैपर्यंत केला. परंतु गाणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न आम्ही कधी ठरावात घातला नाही. १९८० नंतर स्वस्त कॅसेटींचा सुळसुळाट झाला, गावोगावच्या भक्तिगीतांना, भीमगीतांना, लोकगीतांना बाजार मिळाला, आणि कित्येकांनी एकरकमी पैसे घेऊन सह्या केल्या. त्याही वेळी आम्ही गप्पच होतो. त्या तरुणाचा कागद हाती धरताना ही शरम आमच्या मनात होती.

आठव्या दिवशी तो आला. आम्ही दोघांनी कागद शेवटच्या पानापासून वाचला. पाचही गाणी अनंत काळासाठी, सर्व माध्यमांत, पुढे निघणाऱ्या माध्यमांतही. तीन वर्षे दुसऱ्या कोणासाठी गावयाचे नाही. हिशेबाचा उल्लेख नाही. सही केल्यावर आपलेच गाणे आपल्याच मोबाइलवरून लोकांपुढे ठेवले, तरी कंपनी ते बंद पाडू शकते, हे ऐकून तो चपापला. "आणि यात्रेत म्हटलं तर?" त्याने विचारले. त्याचे उत्तर त्या अकरा पानांत नव्हते.

आम्ही त्याला सांगितले की सही करणे पाप नव्हे. पण चार गोष्टी लिहून माग : मुदत ठरीव असावी, दर तिमाहीस लेखी हिशेब मिळावा, यात्रेत व भजनात गाण्याची मोकळीक राहावी, आणि गाणी पाचाऐवजी दोनच. शिवाय श्रीरामपूरला जाऊन वकिलाला कागद दाखवून घे. आमचा शब्द शेवटचा मानू नकोस.

कंपनीने दोन महिने उत्तर दिले नाही. ते दोन महिने आम्हांस जड गेले. त्याची आई एकदा बाजारात भेटली आणि म्हणाली, "अण्णा, पंचवीस हजार तुम्ही घालवले बघा." आम्ही काय बोलणार? पत्र्याच्या घराला पंचवीस हजारांची किंमत काय असते, हे आम्हांस ठाऊक आहे. अखेर नवा कागद आला. दोन गाणी, मुदत सात वर्षे, हिशेब तिमाही, यात्रेची मोकळीक मान्य. रक्कम मात्र आठ हजार. एक वर्ष दुसरीकडे न गाण्याची अट त्यांनी सोडली नाही. त्याने रात्रभर विचार केला आणि सही केली. निर्णय त्याचा होता.

पहिला हिशेब गेल्या महिन्यात आला. तीन महिन्यांचे तीनशे बेचाळीस रुपये. तो कागद घेऊन तो आमच्याकडे आला तेव्हा नाराज असेल, असे आम्हांस वाटले. त्याने कागद पुढे केला. त्यावर गाण्याचे नाव होते, त्याखाली रचनाकार म्हणून त्याचे नाव, किती वेळा ऐकले गेले तो आकडा, दर आणि बेरीज. "अण्णा, ही बेरीज बरोबर आहे का, तेवढं तपासून द्या," तो म्हणाला. आम्ही चष्मा लावला आणि दोघे हिशेबाला बसलो.