अंधाऱ्या खोलीच्या शेजारी

ऑगस्टची रात्र. साताऱ्यात सकाळपासून पावसाची झड लागली आहे. बाबांच्या डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आज झालं. ते उताणे पडून आहेत, डोळ्यावर पट्टी आहे आणि तू उशाशी खुर्ची ओढून बसली आहेस. प्रबंधाचं प्रकरण परवा द्यायचंय. दादाचा मेसेज आलाय : तू आहेस ना तिथे, मग काळजी नाही. तो वाचून तुला राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. मांडीवर ‘जेन एअर’ उघडं आहे, पण एकच ओळ तू तिसऱ्यांदा वाचते आहेस.

पावसाच्या वासात हळूहळू कोळशाचा धूर मिसळतो. तू मान वर करतेस.

समोरची खिडकी तुझी नाही. बाहेर विटांच्या घरांची रांग आहे आणि लांब कापडगिरण्यांची धुराडी. हे मँचेस्टर. ऑक्सफर्ड रोडजवळच्या माउंट प्लेझंटमधलं ८३ नंबरचं घर. तारीख २५ ऑगस्ट १८४६.

आतल्या खोलीत ६९ वर्षांचे पॅट्रिक ब्राँटे बसले आहेत. हॉवर्थचे पाद्री. मोतीबिंदूने त्यांना जवळजवळ आंधळं केलंय. विल्सन नावाचे सर्जन दोन मदतनिसांसह आले आहेत. भुलीचं औषध नाही. बॉस्टनमध्ये ईथरची भूल लोकांसमोर दाखवली जायला अजून पावणेदोन महिने आहेत. म्हाताऱ्याने पूर्ण शुद्धीत, डोळ्याशी आलेलं हत्यार बघत स्थिर बसायचंय. मुलीने खोलीत थांबावं, एवढीच त्याची इच्छा.

ती थांबली आहे. ३० वर्षांची शार्लट, अंगाने लहानखुरी. ती बोलत नाही, हलत नाही. तूही श्वास रोखून धरतेस. पाव तास चालतं सगळं. तुझ्या बाबांनाही साधारण तेवढाच वेळ लागला होता, पण डोळा बधिर केला होता आणि बाहेर येऊन त्यांनी चहा मागितला होता. इथे हा माणूस हूं की चूं न करता बसून आहे.

मग पडदे ओढले जातात. आता कित्येक दिवस अंधार, पडून राहायचं, बोलायचंही कमीच. तू शार्लटच्या मागोमाग बाहेर येतेस. घरमालकीण आजारी म्हणून दुसरीकडे गेलेली, त्यामुळे स्वयंपाकाचं बघणं हिच्याच गळ्यात. बापलेकीचं साध्या जेवणावर भागतं, पण नर्ससाठी मटण कुठलं नि किती मागवायचं, हे तिला कळत नाही. रात्र रात्र दात ठणकतोय. घरी भाऊ ब्रॅनवेल दारूने खचलाय, त्याचा भार एमिली आणि अ‍ॅन या बहिणींवर टाकून ती इथे आलीय. तुला वाटतं, हिला तरी कुणी म्हणायला हवं होतं, की तू दमली असशील.

आणि आजच एक पुडकं परत आलंय. ‘द प्रोफेसर’ ही तिची कादंबरी प्रकाशकाने नाकारली. तिघी बहिणींनी पुरुषी वाटतील अशी टोपणनावं घेऊन, पदरचे पैसे घालून काढलेल्या कवितांच्या पुस्तकाच्या वर्षभरात दोन प्रती खपणार आहेत. २० वर्षांची असताना तिने कवी सदीला पत्र लिहिलं होतं. साहित्य हे बाईच्या आयुष्याचं काम होऊ शकत नाही, असं त्याने कळवलं. त्यावरून तुला तुझीही परत आलेली कथा आठवते, आणि लग्नघरात भेटेल त्याने विचारलेलं, ‘इंग्रजी लिटरेचर घेऊन पुढे काय?’

शार्लट टेबलाशी बसते. पुडकं बाजूला सारते. लहानसा कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरते, कारण तिलाही लांबचं दिसत नाही. पेन्सिल चालू लागते.

हेच बघायला तू आली आहेस. याच मुक्कामात ‘जेन एअर’ सुरू झाली. सेवा उरकून, मन निवांत झाल्यावर ती लिहायला बसलेली नाही. दाराच्या फटीतून बापाचा श्वास ऐकत ती लिहिते आहे. अंधाऱ्या खोलीतल्या माणसाला माणसाचा आवाज तेवढा उरतो, आणि तिची नवी कादंबरीही एका मुलीचा आवाजच आहे. दिसायला साधी, गरीब, पण ‘मी’ म्हणून बोलणारी. तुला शेवटची प्रकरणं आठवतात : आंधळा रॉचेस्टर, त्याला हात धरून नेणारी जेन, आणि मग त्याच्या एका डोळ्याला परत येणारी दृष्टी. परीक्षेसाठी तू त्यावर प्रतीकं आणि सत्तासंबंध असं काय काय लिहिलं होतंस. ते खोटं नव्हतं. पण विल्सननेही एकाच डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं, हे तू तेव्हा पाहिलं नव्हतंस.

पेन्सिलीचा आवाज लांब जातो. २४ ऑगस्ट १८४७. हॉवर्थहून एक हस्तलिखित लंडनला निघालंय. त्या पाव तासाला वर्ष व्हायला एक दिवस कमी. ऑक्टोबरात पुस्तक निघतं, तिच्या टोपणनावाने : लेखक करर बेल. पुढे एका दुपारी शार्लट वडिलांच्या अभ्यासिकेत जाते आणि सांगते, मी पुस्तक लिहिलंय. हस्तलिखिताने डोळ्यांना त्रास होईल, ही म्हाताऱ्याची पहिली धास्ती. ते छापलेलं आहे, ती म्हणते. चहाच्या वेळी तो बाहेर येतो आणि बाकीच्या मुलींना सांगतो, की शार्लटने पुस्तक लिहिलंय आणि ते वाटलं होतं त्याहून बरंच चांगलं आहे.

त्याच्या उशाशी सुरू झालेलं पुस्तक त्याने त्याच डोळ्याने वाचलं.

कोळशाचा वास विरतो. कौलांवर पाऊस वाजतोय. तुझा राग अजून आहे, आणि तो असू दे. उद्या दादाला फोन करून सरळ सांग, की पुढच्या डोळ्याच्या वेळी रजा टाकून ये. शार्लटला ती मुभा नव्हती, तुला आहे. पण या खुर्चीतली रात्र वाया गेली, असं आता तुला म्हणवत नाही.

‘‘बाळा, जागीच आहेस? पाऊस थांबला का गं?’’

‘‘नाही, बाबा. आणि या पुस्तकातही पहिल्याच पानावर पाऊस आहे. सांगू तुम्हाला?’’

‘‘सांग की. पण मराठीत.’’

तू दिवा मंद करतेस, खुर्ची आणखी जवळ ओढतेस आणि पहिल्या वाक्यासाठी शब्द शोधू लागतेस.