चाळीतली ताई आणि मागं पडलेलं पोर



शाळेत नाव घातलं की पोर शिकलं, असं आपण गिरणीतली माणसं धरून चाललो. पाळीवरून आल्यावर पाटी बघायला सवड कुणाला होती? पोर चौथीत गेलं तरी जोडाक्षरापाशी अडायचं, आणि घरात ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

अशा पोराला आपल्यातल्याच शिकलेल्यानं हात द्यावा, ही रीत जुनी आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं आणि १८४८ साली पुण्यात त्याच मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. १९२४ साली बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिनं सोलापुरात वसतिगृह चालवलं, मुंबईत मोफत वाचनालय चालवलं. पण शेजारच्या माणसाच्या शिकवण्यानं पोराला नेमकं किती येतं, याचा हिशेब पुढं बालसखीच्या कामात मांडला गेला. ते काम आपल्या मुंबईतलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांची ‘प्रथम’ ही संस्था १९९४ साली मुंबईत सुरू झाली, महापालिका आणि युनिसेफच्या साथीनं. आधी वस्त्यांमधून बालवाड्या निघाल्या. जागा मिळेल तिथं, कुणाच्या खोलीत, कुठं देवळात, कुठं पक्षाच्या कचेरीत. १९९८ साली बालसखी आली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी. दोन आठवडे तिला तयार करायचं, मग पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीची मागं पडलेली पंधरा-वीस पोरं तिच्याकडं द्यायची. शाळेच्या वेळातलेच दोन तास. खोली नसली तर व्हरांड्यात. पुस्तकाचा धडा बाजूला ठेवून पहिली-दुसरीत राहून गेलेलं वाचन आणि बेरीज-वजाबाकी पक्की करायची.

मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. हे फार थोडं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. बायकांच्या श्रमाला सेवा म्हटलं की पैसे कमी द्यायला मोकळीक मिळते.

२००१ ते २००३ मुंबईत आणि वडोदऱ्यात या कामाची परीक्षा झाली. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, बाकीच्यांत वेगळ्या इयत्तेला, आणि पुढल्या वर्षी इयत्ता बदलल्या. त्यामुळे कुठलीच शाळा कोरडी राहिली नाही आणि तुलनाही झाली. पोरांची प्रगती दिसली, दुसऱ्या वर्षी तर पहिल्याच्या दुप्पट. गंमत पुढंच आहे. मागं पडलेली पोरं बाहेर गेल्यावर वर्गात गर्दी कमी झाली, पण तिथं उरलेल्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. फायदा झाला तो बालसखीपुढं बसलेल्यांना. म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागत नाही, पोराला जिथवर येतं तिथून पुढं शिकवावं लागतं.

हा अभ्यास करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी (जन्म मुंबईचाच) आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ साली नोबेल मिळालं. पेपरात त्यांचे फोटो आले. व्हरांड्यात बसून बाराखडी घेणाऱ्या त्या मुलींची नावं कुठं छापून आली नाहीत.

आणखी एक गोष्ट याच अभ्यासात आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. बालसखी थांबल्यावर वर्षभरानं पोरांची पुन्हा चाचणी घेतली. मिळवलेल्यातलं बरंच तोवर ओसरलं होतं.